फिलोचा मणका

बोरिवली, रविवार, १४ नोव्हेंबर १९७१

हातांनी मणक्यांवर उपचार कसे करायचे ते शिकवायला आज हॉस्पिटलात नवा वर्ग भरला. आम्हा फिजिओथेरपिस्टनी एकमेकींच्या पाठीवर सराव करायचा होता. माझ्या वाट्याला गोराईची फिलो आली, इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर काम करणारी. पालथी झोपून हसत म्हणाली, "हात गार आहेत गं तुझे."

कमरेच्या वरचा एक मणका जरासा दाबला आणि ती किंचाळली. सर आले, त्यांनी बोट ठेवलं आणि चटकन काढलं. "आधी एक्स-रे काढा," एवढंच म्हणून पुढे गेले.

कपडे बदलताना फिलोने माझा हात धरून छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ, दगडासारखी घट्ट.

"कधीपासून?"

"नाताळापासून."

"अगं, तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं ना, म्हणून तर कुणाला दाखवली नाही."

मी हात काढून घेतला. सरांनी बोट काढलं तितक्याच घाईने काढला का मी? तिला जाणवलं असेल का?

उद्या दोघींनी मिळून मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. तिला खाडीपलीकडे गोराईला जाणाऱ्या होडीपर्यंत सोडायला गेले. चढताना तिला वाकता येईना.

"आईला सांगते, पाठ लचकली म्हणून," ती म्हणाली.

होडी सुटल्यावर माझ्या डोक्यात आलं, म्हातारी तेल घेऊन पाठ रगडायला बसेल, आणि गाठीचा रोग हाडात उतरला असेल तर तो मणका तेवढाही भार सोसणार नाही. "पाठ चोळू देऊ नकोस गं!" मी धक्क्यावरून ओरडले. तिने नुसता हात हलवला. ऐकू गेलं की नाही, देव जाणे.