आबांच्या छातीतलं पाणी

९ फेब्रुवारी, सोमवार

आबांच्या छातीत पाणी झालंय! लोणीहून बहिणीचा, संस्कृतीचा फोन. ती डॉक्टरसारखीच बोलती आता — "फुप्फुसाच्या भवती साठलंय, म्हणून धाप लागती." माझ्या बापाला चार पावलं चालवत नाय म्हणं. आन मी इथं राजस्थानात, किशनगडला मार्बल कापतोय. शेठ म्हणतो, दहा-बारा दिवस थांब, मग जा.

११ फेब्रुवारी

पाठीतून सुई घालून बाटलीभर पाणी काढलं. तपासायला पाठवलंय. परत साठलं तर बरगडीतून नळी घालून ठेवायची म्हणं. आबा म्हणले, "सुया घाला कितीबी. नळी नको. दावणीला बांधल्यावानी वाटंल."

१२ फेब्रुवारी

आईनं तर कहर केला! आबांचं प्यायचं पाणीच तोडलं. दिवसाला दोन कप. "भरल्या वाफ्यात आनखी पाणी सोडत्यात का रं?" आबांनी तिच्या हातातून फोन ओढला — "मला कांद्यावानी वाळत घातलंय राव तुझ्या आईनं!" हसता हसता त्यांना धाप लागली. मीबी हसलो, तर मला खोकला. ही इथली धूळ, दिवाळीआधीपासून चिकटलीय.

संस्कृतीनं आईला समजावलं, प्यायलेलं पाणी तिकडं जात नाय. मग आबांना तांब्याभर मिळालं.

१५ फेब्रुवारी

काम सुचत नाय. दिवाळीत वीस दिवस घरी व्हतो. बिबट्या हिंडत व्हता म्हणून मळ्यातल्या खोलीचं दार-खिडकी गच्च लावून मी आन आबा एका गोधडीत. मी खोकलो की आबा पाठ चोळायचे. "धूळ लई खाल्ली का रं?" लई खरबरीत हात. अजून पाठीवर हाय.

१८ फेब्रुवारी

तिकीट काढलं! शनिवारची गाडी. आबांना सांगितलं नाय. नुसता जाऊन दारात उभा राहणार.

१९ फेब्रुवारी

तपासणी आली. टीबीचं पाणी. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाय — बरं व्हतंय! पाणीबी परत साठलं नाय. नळी टळली!

मग संस्कृती म्हणली, "डॉक्टरनी विचारलं, घरात कुणी लई दिवस खोकत व्हतं का?"

खोकला दाबत मी फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला दिली व्हती. निघाला टीबी. मॅडम म्हणल्या, आधी गोळ्या, घरी इतक्यात जायचं नाय.

गाडी सुटली असंल.

आबांचा फोन आला — "कधी येतोस रं?"

म्हणलो, शेठ सुट्टी देत नाय.