गौर कोणाच्या घरची?

बॉथेल, अमेरिका
६ सप्टेंबर २०२५

ती. आई,
साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. तुमची नात मजेत आहे. उंचीत तिनं मला गाठलंय!

यंदा आम्ही दोघींनीच गौर आणली. खड्यांची, गुहागरला तुम्ही आणता तशी. माझ्या माहेरी मुखवटे असायचे, पण अनिकाचा हट्ट, "आजी करते तसंच. नो शॉर्टकट्स." मग गेलो इथल्या नदीवर. खडे उचलले की घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. कुत्रा फिरवणारी एक बाई "हाय" म्हणाली, तर आम्ही दोघी नुसत्या माना डोलावतोय! हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. तेवढ्यात पार्किंगमध्ये माझा फोन वाजला आणि अनिका ओरडली, "बाबा!"

झालं! आता काय करायचं? बोललं तर गौर परत जाते का हो? केदारला विचारलं, तर म्हणे, "मला काय माहीत? आईला विचार." तो बरा आहे. शनिवारी अनिकाला न्यायला येतो. मार्चमध्ये सह्या झाल्या, हे त्यानं तुम्हाला सांगितलंच असेल. आम्ही आता भांडत नाही.

शेवटी ते खडे पाण्यात सोडले आणि नवे घेतले. या खेपेला अनिकानं तोंडात पाणीच धरलं, घरापर्यंत गाल फुगवून आली. घावन-घाटलं केलं. घाटल्यात गुठळ्या झाल्या, तरी तिनं दोनदा मागून घेतलं.

पूजा झाल्यावर तिनं विचारलं, "गौर तिच्या आईकडे येते ना? मग ती आपल्याकडे कशी? ती तर आजीकडची आहे." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. गौर तुमच्या घराण्याची, आणि त्या घराशी माझं कागदोपत्री काही नातं उरलेलं नाही. मग पुढच्या वर्षी मी तिला आणायची की नाही? मला आणायचीय, आई. फार आणायचीय. लग्नानंतर देवाधर्माचं जे काही आलं, ते तुमच्या मागे मागे फिरूनच आलं. ते कुठे परत करायचं असतं, मला माहीत नाही.

नाही म्हणायचं असेल तर म्हणा. पण फोन उचलून म्हणा.

खाली काय लिहायचं ते सुचेना. हात सवयीनं जे लिहील, ते राहू देते.

तुमची सून,
आसावरी