बारा पायऱ्यांचा तक्ता

आई,

मी आता लहान मुलांसाठी टीव्हीवरची कार्टून मालिका लिहिते. तू गेलीस तेव्हा मी शाळेत शिकवत होते, म्हणून हे तुला माहीत नाही. इथे बेळगावात, टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये बसून लिहिते आणि पुण्यातले निर्माते कॉम्प्युटरवर येऊन मला गोष्ट कशी असते ते समजावतात. माझ्या मालिकेतली मुलगी निपाणीची आहे. तिला नदी कुठून येते ते शोधायला जायचंय. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या भागात आई जायला हवी."

"कुठे?"

"म्हणजे मरायला हवी. आई असेपर्यंत नायिका घर सोडणार नाही. नायकाचा प्रवास असाच असतो." मग त्यांनी बारा पायऱ्यांचा तक्ता दाखवला. आधी हाक, मग नकार, मग कुणाचातरी मृत्यू, मग उंबरठा ओलांडणं. जगभर असंच चालतं म्हणे.

संतापानं मला आपला तो दिवस आठवला. माझी बारावी झालीय, बेळगावच्या कॉलेजात नाव घातलंय आणि मी चुलीपाशी बसून हटून राहिलेय, मी न्हाय जात. तू भाकरी थापता थापता म्हणतेस, "मग वखारीत येतीस? तितं लई जागा हाय." जेवण झाल्यावर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तू पुढे आणि मी रडत मागे. बसमध्ये शेजारी बसून थेट बेळगावपर्यंत येतेस आणि वसतिगृहाच्या बाईंसमोर मला बजावतेस, "पळून आलीस तर दार उघडणार न्हाय." दुसऱ्या दिवशी मुकादमानं विचारलं, कुठं गेलतीस? पोरीला सोडायला, म्हणालीस. त्यानं तुला दिवसभर फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. हे तू कधी बोलली नाहीस. तुझ्याबरोबरच्या एका बाईनं तुझ्या तेराव्याला मला सांगितलं. तू जिवंत होतीस म्हणून मी घराबाहेर पडले, आई. मेली असतीस तर मी वखारीतच गेले असते. तिथल्या कितीतरी पोरी तशाच आलेल्या होत्या. हे त्या तक्त्यात कुठे बसतं?

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे," म्हणाले, "पण मग आईच नायिका होते. मुलीकडे कोण बघणार?"

"होऊ दे की नायिका."

"सोमवारपर्यंत बघा. नाहीतर दुसरं कुणीतरी लिहील."

दोन दिवस मी धुसफुसत होते. जेवताना नवऱ्यावर उगाच ओरडले. आईबापांना बाजूला केल्याशिवाय पोरं मोठी होत नाहीत, हे कुणी ठरवलं? ज्यांना कुणी ट्रंक उचलून बसपर्यंत नेलं नाही, त्यांनीच ठरवलं असणार.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, कारण सोमवारी मी तिला मारलं. साध्या तापानं, दीड पानात. प्रसंग सगळ्यांना आवडला. मलाही आवडला.