भुजंगच्या जागी हरिओम

२४ नोव्हेंबर २०२५, ताडकळस

चुडाव्याची ऑर्डर आली! भक्ती आणि भुजंग. लहानपणापासूनचे दोस्त, आता लग्न. नवरीच्या एंट्रीला नवं गाणं पाहिजे — दोस्तावरच जीव जडला असं, आणि त्यात भुजंगचं नाव. आमच्या स्टुडिओचं कामच ते, नावं घालून लग्नाची गाणी. मी लिहायचं, गायचं. बाकी सगळं हरिओमचं.

एका बैठकीत झालं. ‘तुला सगळं सांगते रे, एवढं एक सांगत नाही.’

हरिओम म्हणाला, "लय भारी! कुठून सुचायलंय गं तुला?"

म्हटलं, डोक्यातून. खोटारडी!

२६ नोव्हेंबर

हरिओम वायर आणायला परभणीला गेला. एकटीच होते. भुजंगच्या जागी हरिओम घालून गाणं रेकॉर्ड करून पाहिलं. एक मात्रा जास्त होते. दाटून बसवली — बसली! ऐकलं आणि रडू आलं. पुसून टाकणार तेवढ्यात तो आलाच. मग साळसूदपणे खरं नाव घालून परत गायले.

२७ नोव्हेंबर

आज आईचं वर्षश्राद्ध नाही, काही नाही, तरी आठवण आली. ती गेली तेव्हा मी गाणं सोडलं होतं. हरिओम रोज ओसरीवर येऊन बसायचा. ‘गा’ कधी म्हणाला नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडायचा, निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवायचा. दोन महिने! मग एक दिवस माझी मीच गुणगुणले. तो मान खाली घालून शेंगाच फोडत राहिला.

असा दोस्त मिळाला, हेच खूप आहे. आणखी मागायला गेले आणि हाही गेला तर? शिवाय आम्ही लिंगायत, ते मराठा. गावात हे कुणी बोलून दाखवत नाही, विसरतही नाही.

३० नोव्हेंबर

मेले!

नवरी निघाली, गाणं सुरू झालं, आणि चार स्पीकरवर माझा आवाज — "हरिओम!" मीच चुकीचं गाणं पाठवलं. दोन्ही फायलींना एकच नाव दिलं होतं, ‘भुजंग फायनल’. ध्रुपदात नाव तीनदा येतं. तीनदा वाजलं!

नवरीची मावशी सरजाबाई मोठ्यानं, "नवरदेव तर भुजंग हाय. ह्यो हरिओम कोण म्हणायचा?"

हरिओम मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन उभा. मग पळत जाऊन त्यानं वायर ओढली.

१ डिसेंबर

भक्तीचा फोन. माफी मागायला तोंड उघडलं तर तीच हसायली. "मला तर बोलायला अकरा वर्षं लागली गं!" देव तिचं भलं करो.

बाबांच्या कानावर गेलं असणारच. जेवायला बसले, भाकरी अर्धीच खाल्ली.

२ डिसेंबर

स्टुडिओत गेले. हरिओम वायरी गुंडाळत होता. वर न बघताच म्हणाला, "मला तसं कधी वाटलं न्हाई, स्वप्ना."

खूप रडले. तो समोरून हलला नाही. विचारलं, "मी येणं बंद करू?"

"येडी हायस का? पोखर्णीची ऑर्डर कोण गाणार?"

दुखलं. अजून दुखतंय. पण टाळलं नाही त्यानं, कीव केली नाही, तोंडावर सांगितलं. दोस्त राहिला! आज देवापुढे बसून एवढंच म्हटलं — राहू दे.

४ डिसेंबर

हरिओम सकाळीच घरी आला. माझ्याकडे नाही, बाबांकडे. अंगणात उभ्यानंच म्हणाला, "काका, पोरीला स्टुडिओत पाठवताना तुमी माझ्याकडून शब्द घेतला होता, दोस्तीच्या पुढं जाणार न्हाई म्हणून. सहा वर्षं पाळला. परवा तिच्याशी खोटं बोललो त्यापायी. आता पाळणं व्हायना. परत घ्या."

बाबांनी बाज पुढे ओढली. मग म्हणाले, "बस खाली."

तीन कप चहा ठेवलाय.