कोऱ्या अर्जावर दोन सह्या

सोमवार, २ मार्च

लागली एकदाची नोकरी! मानसशास्त्राच्या संशोधन केंद्रात साहाय्यक. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या: सरांची, आम्हा साहाय्यकांची आणि मधली चाचणीची. माझ्या टेबलाला खिडकी आहे, खुर्ची चाकांची आहे आणि दुपारी चहा आपणहून येतो. आईला वाटतं इथे वेड्यांवर उपचार होतात. मी तिला सांगितलं की इथे शहाण्यांना मोजतात.

आमचे प्रमुख, म्हणजे सर, नियमाला धरून चालणारे. अभ्यास मत्सराचा आहे, पण येणाऱ्याला तो स्मरणशक्तीचा म्हणून सांगायचा. दोघांना शेजारी बसवायचं, एकाची तोंड दुखेपर्यंत स्तुती करायची आणि मग दुसऱ्याला वीस प्रश्नांचा कागद द्यायचा. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण. बेरीज जितकी मोठी, तितका माणूस जळका. तीन-चार दिवसांनी त्याला बोलावून खरं काय ते सांगायचंच, आणि त्याने आपली उत्तरं परत मागितली तर कुरकुर न करता काढून टाकायची. संमतीपत्रात तसं छापलेलंच आहे. तक्त्यात नावं नाहीत, फक्त क्रमांक, तोही नावनोंदणीच्या क्रमाने; चाचण्या या महिन्यात सुरू.

माझ्याआधी दोन महिने लागलेली आणखी एक साहाय्यक आहे. वर्षअखेर आमच्यापैकी एकीलाच कायम करणार. स्वभावाने गोड वाटली. माझा टेबल तिने आधीच पुसून ठेवला होता.

बुधवार, ४ मार्च

इथला रिवाज असा की जो चाचणी घेणार त्याने ती आधी स्वतः द्यायची, आणि त्याचाही आकडा तक्त्यात जातो. मी सरांना विचारलं की आम्हाला गुपित ठाऊक असताना आमचे आकडे कसे चालतील. ते म्हणाले, ठाऊक असूनही जळणारा माणूसच त्यांना हवा आहे.

मग त्यांनी माझ्यासमोर पाच मिनिटं तिच्या अक्षराचं कौतुक केलं. मी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. माझा क्रमांक एकेचाळीस, गुण एक्याण्णव. नंतर माझं कौतुक झालं आणि तिने कागद भरला. तिचा क्रमांक सतरा, गुण नऊ. शंभरात नऊ! माणूस आहे की दगड? वर माझा हात दाबून म्हणाली की एवढं खरं लिहायला धाडस लागतं. हसली असती तरी परवडलं असतं. आजपासून या वहीत तिचं नाव लाडकी.

मंगळवार, १० मार्च

सर तीन आठवडे परिषदेला चालले. तक्त्यातली कुठलीही ओळ वगळायची तर अर्जावर कारण आणि दोन सह्या लागतात. सर नसताना काम अडू नये म्हणून त्यांनी दहा कोऱ्या अर्जांवर सह्या करून ठेवल्या. दुसरी सही मी केली, दहाच्या दहा अर्जांवर, विचारायच्याही आधी. लाडकीने मात्र नकार दिला. म्हणाली, कारण लिहिल्याशिवाय सही कशाला करायची. सर हसले, तिचंच बरोबर आहे म्हणाले, आणि अर्जांच्या खणाची किल्ली तिच्याकडे दिली. दुसरी किल्ली त्यांच्याकडे.

सह्या मी करायच्या आणि विश्वास तिच्यावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवार, १६ मार्च

क्रमांक एकोणतीस हे एक पोस्टमन. हसरे गृहस्थ, चष्मा घरी विसरले होते. वीसही प्रश्नांना न वाचता पाच-पाच, बेरीज शंभर. सरांनी फोनवर वगळायला सांगितलं. लाडकीने खण उघडला, मी अर्ज उचलला. खाली दुसरा चिकटून आला. तो मी परत ठेवला नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

अर्जात कारण भरलं आणि ओळ पुसली. एकेचाळीसातले आता उरले चाळीस.

गुरुवार, १९ मार्च

दुपारी सहज ही वही चाळली. सोमवारची नोंद माझ्याच अक्षरात आहे, आणि मला कुठलाही पोस्टमन आठवत नाही. लाडकीला विचारलं, तर कोण पोस्टमन, असं तिने मलाच विचारलं. टपाल कचेरीत फोन केला. तिथला कारकून म्हणाला, या भागाला बारा वर्षं एकच बाई टपाल वाटते, पुरुष कधी नव्हताच. फाइलीत एकोणतिसावं संमतीपत्र आहे. कोरं.

ते मी उजेडात धरून उलटंपालटं करून पाहिलं. लाडकीने पाणी आणून दिलं.

मंगळवार, २४ मार्च

आई ऑफिस बघायला आली होती. लाडकीने तिला आपली खुर्ची दिली, जिना उतरताना हात धरला, गुडघ्यांची चौकशी केली. घरी पोचल्यावर आईचा फोन आला. पहिलं वाक्य: अशी मुलगी असायला नशीब लागतं गं. मी म्हटलं, आई, मी पण आहे. ती म्हणाली, तू आहेसच की.

आणि आज सरांची मेल. कायम करण्यासाठी त्यांनी लाडकीची शिफारस केली आहे. मला कळायला हवं म्हणून प्रत पाठवली म्हणे.

मी जळते. लिहूनच टाकते. ती वाईट असती तर इतकं जळले नसते.

आकडे काढले. सरासरी बावन्न. प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण किती पांगलीत त्याचं माप, चौदा. सरासरी हा खुंटा धरला तर विचलन ही दोरी. तीन दोऱ्यांच्या आत असलेला माणूस चालतो, पलीकडचा वगळता येतो. चौदा त्रिक बेचाळीस. म्हणजे दहा ते चौऱ्याण्णव.

लाडकी नऊ. एका गुणाने बाहेर.

नियम काही मी केलेला नाही. आणि अर्ज माझ्याकडे आहे.

बुधवार, २५ मार्च

वगळला. क्रमांक सतरा. कारणाच्या रकान्यात लिहिलं: सरासरीपासून फार दूर. ते खोटं नाही. दुसरं कारण लिहायला रकानाच नाही. नोंदणी संपल्याची खूण करून तक्ता कुलूपबंद केला. आता तो फक्त सरांच्या परवलीच्या शब्दाने उघडेल. सापही मेला, काठीही मोडली नाही.

हे लिहिताना ती समोर बसून माझ्यासाठी पेन्सिलींना टोक करत होती. मी मान खाली घातली होती. वर पाहिलं तेव्हा

गुरुवार, २६ मार्च

खोलीत एकच टेबल आहे. पहिल्यापासून एकच असावा. वहीत वाचते की इथे आणखी एक मुलगी होती. चेहरा आठवत नाही. आवाजही नाही. टोक केलेल्या सहा पेन्सिली माझ्यापुढे आहेत.

सरांचा फोन आला. कायम करण्यासाठी माझी शिफारस केली आहे म्हणाले, एकटीने किती सांभाळलंस म्हणाले. आई म्हणाली, तुझ्यासारखी मुलगी असायला नशीब लागतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला.

शुक्रवार, २७ मार्च

तक्त्यात एक ओळ लाल झाली आहे, म्हणजे हद्दीबाहेर, वगळण्याजोगी.

एकेचाळीस. माझी.

तिचा नऊ गेला आणि तक्त्याने सगळं पुन्हा मोजलं. सरासरी त्रेपन्नाच्या जरा वर. विचलन चौदाचं बारा पूर्णांक तीन. दोरी आखडली. वरची हद्द चौऱ्याण्णववरून नव्वदवर आली. मी एक्याण्णव. एका गुणाने बाहेर.

ती टोकाला होती म्हणून मी आत होते. हे गणित मला कालपर्यंत येत होतं. दोन वर्षं शिकवण्यांत मुलांना शिकवलंय मी. रागाच्या भरात करायचं राहिलं.

गुण बदलता येत नाहीत, तक्ता बंद. तिला परत घालता येत नाही, तिचा कागद कोरा. खणात माझी सही असलेले आठ अर्ज. फाडले पाहिजेत. खणाला कुलूप. किल्ली लाडकीकडे—

शनिवार, २८ मार्च

पट्टीने उचकटून पाहिलं. खण पोलादी आहे.

सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी अदबीने विचारलं की तुमचा क्रमांक काय. तुमचा! मी म्हटलं, सर, मी तुमची साहाय्यक. ते म्हणाले, इथे साहाय्यक नसतो, नेमायचा आहे. आणि अभ्यासातून बाहेर पडायचं असेल तर तुमचा पूर्ण हक्क आहे, ते लगेच ओळ काढतील.

नको, मी ओरडले. काढू नका—

माझ्या टेबलावर पाटी नाही. होती का?

लाडकीची निदान या वहीत नोंद आहे. माझी नोंद कुणाच्या वहीत? इथेही तीच नशीबवान.

रविवार, २९ मार्च

आईला फोन. एकीला तरी आठवत राहावं म्हणून. आवाज तोच. कोण हवंय, विचारलं तिने. मी आई म्हटलं. ती मग फार मायेने म्हणाली, चुकीचा नंबर लागला असेल बाळा, मला मूल नाही—

सोमवार, ३० मार्च

अकरा वाजता सर आले. मी दारातच गाठलं, हात जोडले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, ताण येतो काही जणांना. चाचणी देणाऱ्यांना बसवतात त्या खुर्चीत बसले आहे.

म्हटलं, दुसरी सही लागते ना सर. एकट्याला वगळता येत नाही. नियम आहे तुमचा. ते म्हणाले, अर्थात. नियम म्हणजे नियम.

त्यांच्या किल्लीने खण उघडला. अर्ज काढला. माझ्याकडे वळवून दाखवला, समाधान व्हावं म्हणून. वर त्यांची सही. खाली माझी. ठळक, फुलापानांची, खूश करायला केलेली.

सही कुणाची ते त्यांना माहीत नाही. कुणाची तरी आहे, तेवढं पुरतं.

कारण लिहून झालं. सरासरीपासून फार दूर.

आता क्रमांक. चार—

आई, मी खरंच होते, खिडकीजवळ माझा टेबल हो