रुमालाखालचा हात

जयनगर, बेंगळूर
ता. ६ जुलै १९५८

ती. अण्णास,
वसूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. नव्या घराच्या अंगणात अबोली धरली आहे. वहिनीने पाठवलेलं मेतकूट आमच्या चिमुरड्या कावेरीने भाताशिवाय नुसतंच चाटून संपवलं, तेव्हा आणखी पाठवायला सांग.

आता काळजीचं लिहिते. तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोस, त्याचा एकदा बहिणीला उपयोग होऊ दे. इथल्या चिकपेटेच्या बाजारात कच्चं रेशीम घेणारे मोठे व्यापारी चारच, त्यात एक हे. खेड्यांतून रेशीम काढणारे लोक लडी घेऊन येतात आणि भाव रुमालाखाली ठरतो. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून ही रीत. सौदा पटला किंवा मोडला, तरी दोघांनी मिळूनच हात काढायचा. एकट्याने आधी काढून घेणं फार वाईट समजतात.

पाडव्याला या चौघांनी एकी केली. रुमाल चार, पण दाबायचा भाव एकच. येल्लाप्पा म्हणून कोलारकडचा एक म्हातारा यायचा. त्याची उजवी तर्जनी चरख्यात सापडून अर्धीच राहिली होती. तो बिचारा चारही दुकानं फिरला, सगळीकडे तोच भाव. शेवटी पुन्हा यांच्यासमोर बसला आणि स्वल्प वाढवा म्हणून बोटं दाबत राहिला, हात सोडीना. यांनी हिसकून काढून घेतला. तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला आणि तिथेच गेला.

तेव्हापासून यांच्या रुमालाखाली कोणाचाही हात असो, यांना ती अर्धी तर्जनी लागते. ठरल्यापेक्षा जास्त भाव मागत राहते. हे एकीतून बाहेर पडायचं म्हणतात. पण बाकीच्या तिघांनी बजावलं आहे की बाहेर पडलात तर एकही विणकर तुमचं रेशीम घेणार नाही, अशी व्यवस्था करू. मग हे घर राहणार नाही, अण्णा. काय करावं ते लिही.

आहे ती माया तशीच राहू दे.
तुझी वसू

धारवाड
ता. १५ जुलै १९५८

चि. सौ. वसूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. आमच्या शास्त्रात बाजाराला एक अदृश्य हात असतो म्हणतात. मी इतकी वर्षं पोरांना शिकवतो, पण तो कोणाच्या हाती लागल्याचं ऐकलं नव्हतं. शेषगिरीरावांचं अभिनंदन कर.

थट्टा पुरे. घेणारे चार आणि विकणारे शेकडो असले की चौघांना एकी करायचा मोह होतो. पण अशी एकी टिकत नाही. चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपण गुपचूप थोडं जास्त देऊन चांगला माल ओढावा. आणि तुमचा रुमाल तर गुपचूपपणासाठीच जन्माला आला आहे! थोडे महिने थांबा, ती आपोआप फुटेल. तोवर शेषगिरीरावांनी मुळीच बाहेर पडू नये. घर सांभाळावं.

म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. पण ज्याला भाव परवडत नाही तो बाजारातून बाहेर पडतो आणि बाजार कोणासाठी थांबत नाही. ती बोटबिट मनाची खंत आहे, पोटात चार घास नीट गेले की जाईल. मेतकूट वेगळं पाठवत आहे.

पत्र धाडण्यात आळस करू नकोस.
तुझा अण्णा

जयनगर, बेंगळूर
ता. १२ ऑक्टोबर १९५८

ती. अण्णास,
वसूचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसंच झालं आणि तसं झालंही नाही. विकणारे सांगतात की आता चारही दुकानांत जास्त भाव मिळतो. चौघे मात्र देवाची शपथ घेऊन सांगतात की आम्ही ठरलेलंच बोट दाबलं. रुमालाखाली दिलेला शब्द फिरवता येत नाही, म्हणून सगळे मुकाट्याने देतात आणि एकमेकांकडे चोरासारखे बघतात. विकणाऱ्यांना विचारलं, तर भाव हातानेच दिला एवढंच म्हणतात. कोणाच्या हाताने, ते सांगत नाहीत.

सुरुवात आमच्या रुमालापासून झाली, म्हणून तिघांनी यांनाच फितूर ठरवलं आहे. संक्रांतीपर्यंत कबूल करा, नाहीतर धंदा बंद पाडतो, म्हणाले. करायचं काय कबूल? हे आता चमच्याने जेवतात, अण्णा. आपल्या माणसांत, पाटावर बसून, चमच्याने! उजवा हात ताटाला लावत नाहीत. मला भीती वाटते. दिवाळीच्या सुट्टीत ये आणि स्वतः हात घालून बघ.

वाट पाहते.
तुझी वसू

धारवाड
ता. २४ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. वसूस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. चिरोट्यांचा डबा वहिनीने ताब्यात घेतला आहे, मला मोजून मिळतात.

वसू, चोर सापडला. तिथे सर्वांदेखत बोललो नाही, कारण शेषगिरीराव तुझे यजमान. येल्लाप्पाची बायको यल्लव्वा लडी घेऊन घरी आली होती, तेव्हा तिच्या वतीने मी शेषगिरीरावांसमोर बसलो, आठवतं ना? रुमाल पसरला, मी हात घातला, समोरून हात आला. तर्जनी खरंच तोकडी लागली. पण मी मास्तर माणूस, नीट चाचपून पाहिलं. बोट मधल्या पेरावर दुमडलेलं होतं. म्हणजे ते स्वतःच बोट दुमडून जास्त भाव देतात आणि नाव मेलेल्यावर घालतात. बाकीचे तिघेही त्यांचं पाहून तेच करत असणार. मला इतकं हसू आलं की मी हात काढून घेतला आणि कॉफी मागितली.

त्यांना रागावू नकोस. भला माणूस आहे, उघड चांगुलपणा करायची सोय नव्हती इतकंच. एकीतून मात्र बाहेर पडू देऊ नकोस.

इथे वारा फार आहे. आल्यापासून उजवा हात गार पडतो आणि वर्गात खडू सुटतो. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, सांभाळून घे.

तुम्हा सर्वांना सुख लाभो.
तुझा अण्णा

जयनगर, बेंगळूर
ता. १ डिसेंबर १९५८

ती. अण्णास,
वसूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही. आधी इकडचं सांगते. तू गाडीत बसलास त्याच संध्याकाळी यांनी यल्लव्वाला पुन्हा बोलावलं आणि रुमालाखाली हात घातला. येल्लाप्पाने मागितला होता तोच भाव दिला. दोघांनी मिळून हात काढले. हे म्हणाले, आज नुसता तिचाच हात होता, चांगला ऊन. यल्लव्वा सरी, म्हणजे बरं, म्हणाली आणि लडी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी हे एकीतून बाहेर पडले. घर बहुधा सोडावं लागेल, शिवाजीनगरात दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. पण काल हे हाताने जेवले. वरणभात कालवताना बघून मला रडू आलं.

आता तुझं. अण्णा, तू यांच्यासमोर बसलास तेव्हा मी कॉफी घेऊन यांच्या मागेच उभी होते. यांच्या डाव्या हातात मी पेला दिला. उजवा कोटाच्या खिशात होता. शेवटपर्यंत खिशातच होता. हात घालायचा यांना धीरच झाला नाही आणि तुझ्यापुढे तसं बोलायची लाज वाटली. तू रिकाम्या रुमालाखाली चाचपडत हसतो आहेस, असं मला वाटलं. बोट दुमडलेलं नव्हतं, अण्णा.

आणि तू हात आधी काढून घेतलास. यांनीही तेच केलं होतं.

नाताळच्या सुट्टीची वाट पाहू नकोस, मिळेल त्या गाडीने ये. यल्लव्वाला मी निरोप धाडला आहे. रुमाल यांनी जपून ठेवला आहे. तू पुन्हा बस, या वेळी घेणारा होऊन तिच्यासमोर, मागेल तो भाव दे आणि समोरचा सोडेल तेव्हाच सोड. वहिनीला यातलं काही सांगू नकोस, ती घाबरेल.

माया आहे तशी ठेव. आणि येईपर्यंत उजवा हात पांघरुणाबाहेर ठेवून नीज.

तुझी वसू