अर्धा श्लोक आणि करडा स्कर्ट

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
निर्णय झाला. येत्या सोमवारी, १० तारखेला, मी ऑफिसला स्कर्ट घालून जाणार.
शनिवारच्या मीटिंगला आमचा फोटोग्राफर स्कर्टात आला. हिशेबनीस इतके टक लावून बघत राहिले की त्यांनी चहा स्वतःच्याच पॅन्टवर ओतून घेतला. मी तिथल्या तिथे सांगितलं की संस्कृतात वस्त्र हा शब्द नपुंसकलिंगी आहे, सबब वाद मिटला. कुणी हसलं नाही. पण मॅडमनी (संपादक. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. मला त्याचं काहीही वाटत नाही.) रविवार पुरवणीचं अख्खं पान मला दिलं. विषय: पुरुष आणि स्कर्ट. मी म्हटलं, मी नुसतं लिहिणारा वार्ताहर नाही, मी घालून लिहीन. सगळे गप्प झाले. आदरानेच असणार.
पहिलं वाक्य सुचलं आहे: पॅन्ट ही माणसाने घोड्यासाठी केलेली तडजोड आहे. माझ्याकडे घोडा नाही.

४ मार्च. संध्याकाळी.
स्कर्ट आणला. करडा, गुडघ्याखाली चार बोटं, फॉर्मल. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मिसेसची कंबर किती? मी माझी सांगितली. त्या म्हणाल्या, गिफ्ट पॅक करू? हो म्हणालो. किरकोळ चकमकींत शक्ती घालवायची नसते.
येताना अनुष्टुभात अर्धा श्लोक झाला:
स्कर्टधारी नरो धन्यो मुक्तजङ्घो विराजते।
उरलेला अर्धा प्रत्यक्ष घालून चालल्यावर. अनुभवाशिवाय काव्य नाही.

५ मार्च.
घरात वेगळाच प्रश्न. बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला आज बारा दिवस झाले. एक्केचाळीस वर्षं त्यांनी दुकानात फक्त पुरुषांच्या पॅन्टा शिवल्या, आणि आता त्यांनाच पॅन्ट घालता येत नाही. पट्टा बरोबर टाक्यांवर येतो. डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर तिथे काही आवळायचं नाही.
इकडे २३ तारखेला वाचनालयाच्या बागेत बुद्धिबळाची फायनल. बाबा विरुद्ध कॅप्टन. कॅप्टन म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, जहाजावरून रिटायर झालेले. दोन वर्षं बाबा त्यांच्याशी हरताहेत. एप्रिलमध्ये कॅप्टन मुलीकडे कायमचे राहायला चालले, तेव्हा हा शेवटचा डाव. सकाळी दहाची वेळ, दहा मिनिटं उशीर झाला की डाव गेला.
मी पायजमा सुचवला. बाबा म्हणाले, नाडीसुद्धा तिथेच येते. गाऊन सुचवला. म्हणाले, झोपायच्या कपड्यांत डाव खेळायला जाणारा माणूस घरूनच हरून निघतो.
हट्टी आहेत. माझ्यात तो दोष आला नाही.

८ मार्च, शनिवार.
दुपारी शिलाई मशीनचा आवाज. बाबांनी स्कर्ट शिवला. दुकानातल्या उरलेल्या निळ्या सूटिंगचा. पुढे दोन प्लीट, बाजूला खिसे, मागेही एक खिसा, इलॅस्टिक टाक्यांच्या चांगलं वर. हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून दाखवल्या. बायको म्हणाली, बाबा, फिटिंग झकास. (ती औषधाच्या दुकानात काम करते. कुणालाही बरं वाटेल असं बोलायची सवय.)
मी सहज विचारलं की हे घरातल्या घरातच ना. बाबा म्हणाले, मग खिसे कशाला लावले?
मी वाऱ्याचा मुद्दा मांडला. वयाचा मांडला. मग शांतपणे समजावलं की माझं काही नाही, पण लोकांना आधी तयार करावं लागतं. बाबा म्हणाले, पॅन्ट तयार करायला मला दोन दिवस लागायचे, लोकांना किती लागतात?
मी म्हटलं, एक लेख तरी छापून येऊ दे.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८.४०.
बाथरूममध्ये कडी लावून स्कर्ट घातला. चेन नीट पुढे घेतली, बंद केली. निरीक्षणं: पोटाशी ढगळ. मागे इतका तंग की बसणं अशक्य. चेनखाली पुढेच एक चीर आहे, तिच्यातून चालताना दोन्ही गुडघे आळीपाळीने बाहेर बघतात. चीर पुढे ठेवण्यात काय सौंदर्य आहे कळलं नाही. फॅशन असेल. स्त्रियांनी हे इतकी वर्षं मुकाट्याने कसं सोसलं? लेखात एक परिच्छेद.
ऑफिसचा जिना लोखंडी, जाळीचा. खालून सगळं दिसतं. आज पॅन्टच. पुढच्या सोमवारी नक्की.
फोटोग्राफरने माझ्या पॅन्टकडे पाहिलं आणि लेन्स पुसायला घेतली. त्याला बोलायला जागा तरी कुठे आहे? तो जिना टाळून लिफ्टने येतो.

१३ मार्च, गुरुवार.
आज एक घटना घडली. तटस्थपणे नोंदवतो.
जेवणाच्या सुट्टीत हिशेबनीसांबरोबर बँकेच्या रस्त्याने येत होतो. समोरच्या फुटपाथवर बाबा. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, एक हात खिशात. औषधं घेऊन परतत असावेत. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एकटे बाहेर पडले होते. त्यांनी मला पाहून हात वर केला.
मी फोन कानाला लावला. फोन बंद होता हा तांत्रिक तपशील.
हिशेबनीसांनी विचारलं, ओळखीचे? मी म्हटलं, इथलेच कुणी असतील.
याला पळपुटेपणा म्हणता येणार नाही. वार्ताहराने घटनेत ढवळाढवळ करू नये हे आमच्या व्यवसायाचं पहिलं सूत्र. शिवाय मी फोनवर होतो.
आणखी एक नोंद: रस्त्यावर एकानेही वळून पाहिलं नाही. फक्त हिशेबनीसांनी. आणि मी.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९.
लेख आला. फोटोसकट. (माझा जुना फोटो, छातीपर्यंतचा.) मॅडमचा मेसेज आला, नुसता अंगठा, पण मोठा. सर्वांना आवडलेला भाग शेवटचा: 'परवा भर दुपारी एक अनाम वृद्ध मला दिसले. निळ्या स्कर्टात, ताठ मानेने, जगाची पर्वा न करता चालले होते. मी मनोमन त्यांना वंदन केलं.'
वंदन मनोमन केलं होतं, म्हणून दिसलं नाही.

सकाळी ११.
बाबांनी पान वाचलं. मग नेहमीसारखी मोठी कात्री घेऊन लेख कापला. कडा एकदम सरळ. माझं पहिलं दोन ओळींचं पत्र छापून आलं तेव्हापासूनची सगळी कात्रणं त्यांच्या बटणांच्या डब्यात आहेत. कापून झाल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. फक्त ह्या म्हाताऱ्याला मुलगाबिलगा कुणी दिसत नाही."
मी साहित्यातल्या अनामिकतेचं महत्त्व विशद केलं. ते 'असेल, असेल' म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

दुपारी १.
महासंकल्प. २३ तारखेला मी आणि बाबा, दोघेही स्कर्टात, भर रस्त्याने, घरापासून बागेपर्यंत चालत जाणार. जेवताना जाहीर केलं. बाबांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, साडेनऊला निघू.
बायको स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, जाणार असशील तरच बोल हं, ते खरं धरून चालतात. मला हा अविश्वास लागला. लागला, पण दाखवला नाही.

१७ मार्च.
ऑफिसला स्कर्ट नाही. रविवारसाठी राखून ठेवतोय. वाघ काही रोज बाहेर पडत नाही.

२० मार्च.
बाबांनी आजच स्कर्टला इस्त्री केली. तीन दिवस आधी! हँगरवर लावून माझ्या खोलीच्या दाराला अडकवला. शेजारी एक रिकामा हँगर ठेवलाय. तुझा आण, म्हणाले, तोही करून देतो.
मी म्हटलं, माझा इस्त्रीचा नाही. (लेबल न बघता.)

२२ मार्च.
सराव. बाथरूम ते कपाट, सहा फेऱ्या. गुडघे अजून डोकावतात. पण मन तयार आहे. मन तयार असलं की गुडघ्यांना कोण विचारतो?

२३ मार्च, रविवार. सकाळी ९.१०.
घातला.

९.१८.
काढला. आरशात मागून एकदा बघायला नको होतं.

९.३०.
दाराबाहेरून बाबा: झालं का? म्हटलं, दोन मिनिटं.

९.३६.
घातला. वर लांब कोट. कोटात मी छत्री विकणारा दिसतो. कोट काढला. स्कर्टही काढला, नीट विचार करता यावा म्हणून.

९.४४.
बाबा: "बसू का उभा राहू? बसलो तर प्लीट मोडतात."
म्हटलं, आलोच.

९.४९.
बाहेर बूट वाजले. मग बाबा म्हणाले, ये तू मागून. सावकाश ये. दार लागलं. बायकोही त्यांच्याबरोबर गेली असावी, तिच्या किल्ल्या वाजल्या.

९.५५.
पॅन्ट घातली. केवळ वेळेअभावी. स्कर्ट बॅगेत घेतो. बागेत स्वच्छतागृह आहे.

दुपारी ३.
१०.२५ ला पोचलो. बागेतलं स्वच्छतागृह दुरुस्तीसाठी बंद. याला मी जबाबदार नाही.
पटाभोवती तीसेक माणसं. बाबांच्या स्कर्टकडे एकाचंही लक्ष नाही. सगळे कॅप्टनच्या घोड्याकडे बघत होते, तो अडकला होता. मी बायकोशेजारी उभा राहिलो. तिने माझ्या पॅन्टकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि पुन्हा पटाकडे पाहिलं. एखादा टोमणा चालला असता.
थर्मास घेऊन बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे बोट करून बाबांना विचारलं, हे तुमच्यापैकी का?
बाबांचं बोट उंटावर होतं. मान वर न करता म्हणाले, "पेपरात लिहितात."
लिहितात. बाबांनी मला जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं. बरं वाटायला हवं होतं.
बाबा जिंकले. कॅप्टन म्हणाले, दोन वर्षं तुम्ही सारखा पट्टा चाचपत खेळायचात, म्हणून माझं फावलं, आता मलाही एक शिवून द्या, नेतो बरोबर. बाबांनी खिशातून टेप काढून तिथेच त्यांचं माप घेतलं. बघणाऱ्यांपैकी आणखी दोघे रांगेत उभे राहिले. खिसा कशाला असतो ते मला दिसलं.
येताना बाबा आणि कॅप्टन पुढे. मी मागे, बॅग घेऊन.

२४ मार्च, सोमवार.
ऑफिसला पॅन्ट. हिशेबनीस म्हणाले, काल बागेत तुमच्या लेखातले आजोबा पाहिले, काय खेळतात हो, तुमची ओळख आहे का?
मी म्हटलं, माझे वडील आहेत.
त्यांनी हातातला चहाचा कप जपून खाली ठेवला. मग म्हणाले, त्या दिवशी फोन फार महत्त्वाचा होता वाटतं.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.
आज कडी न लावता घातला आणि सरळ हॉलमध्ये गेलो. बाबा मशीनवर कॅप्टनचा स्कर्ट शिवत होते. मी उभा राहिलो. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. 'त्या दिवशी फुटपाथवर' अशी सुरुवातही केली.
बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "उलटा घातलायस. चेन मागे असते."
पंधरा दिवस.
त्यांनीच जवळ येऊन कंबरेला धरून तो गर्रकन फिरवला. लहानपणी नव्या चड्डीचं माप घेताना मला फिरवायचे तसा. चीर मागे गेली. गुडघे आत गेले. पोट नीट बसलं. हॉलच्या टोकापर्यंत चालून आलो. खरंच चालता येतं. सलग.
बाबा पुन्हा मशीनवर बसले. म्हणाले, फुटपाथचं राहू दे, याला खिसे नाहीत, ते लावून देतो. आणि रस्ता तिकडे आहे, हॉल संपला.
उद्या नक्की. श्लोकाचा उरलेला अर्धा भागही उद्याच.
आत्ताच खिडकी उघडून पाहिली. उद्या वारा असेलसं वाटतं.